छोट्या फिगर्सचं रंगकाम, सोलापूरच्या हवेत: कुठला रंग घ्यायचा, फिनिशिंग कसं आणायचं

फिगर, म्हणजे एखाद्या पात्राची छोटी प्लास्टिकची मूर्ती, कस्टम करायची, म्हणजे आपल्या हातानं रंगवून बदलायची म्हटलं की नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रंग कुठला घेऊ?" त्याला खरं तर विचारायचं असतं की सगळ्यात महागडा घेतला तर काम जमेल का. नुसतं तेवढ्यानं जमत नाही. बोटभर उंचीच्या फिगरवर रंगाचे पाच-सहा थर बसतात आणि त्यातले दोन थर सगळ्या कामाचा निकाल लावतात: प्लास्टिकला धरून ठेवणारा अगदी पहिला, म्हणजे प्रायमर, आणि सगळ्यावर बसणारा शेवटचा, म्हणजे वॉर्निश. मधले रंग नव्या पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानातून आणले तरी भागतं. लोक नेमकं उलट करतात. परदेशी रंगांच्या बाटल्यांचा अख्खा सेट मागवतात आणि प्रायमर-वॉर्निशला मात्र "बघू नंतर" म्हणतात.

दुसरी गोष्ट हवेची. रंगाच्या बाटलीवर सूचना लिहिणाऱ्यानं मे महिन्यातलं सोलापूर पाहिलेलं नसतं. त्यामुळे "इतक्या वेळात वाळतो", "इतक्या अंतरावरून मारा" हे आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ते कुठे बदलायचे ते पुढे येईलच.

आधी फिगर निवडा

पहिल्याच प्रयोगाला कपाटातली दुर्मिळ फिगर काढू नका. पेटीसकट जपलेल्या मूळ फिगरची किंमत रंग लावला की बहुतेक वेळा उतरते, काम कितीही सुबक असलं तरी. सरावाला स्वस्त माल पाहिजे. तो आपल्याकडे वर्षातून दोनदा दारात येतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे यात्रेत, होम मैदानात खेळण्यांचे स्टॉल लागतात, तिथे प्लास्टिकची माणसं, प्राणी, कार्टूनची पात्रं मिळतात. दिवाळीत किल्ल्यावर मांडायचे मावळे मिळतात. प्लास्टरचे मावळे डोळे, मिशा, फेट्याची किनार रंगवायच्या सरावाला फार उत्तम. बारीक ब्रशवर हात बसायला त्याहून स्वस्त शाळा नाही. एक लक्षात ठेवा, प्लास्टर रंग पिऊन टाकतं, म्हणून आधी पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्या.

हात बसला की मग मोठ्या डोक्याच्या व्हिनाइल फिगर्स, अॅनिमेच्या छोट्या फिगर्स, ब्लाइंड बॉक्समधली (आत काय आहे ते उघडेपर्यंत न कळणाऱ्या पेटीतली) पात्रं, नाहीतर लेगोची मिनीफिगर घ्या. उदाहरणासाठी या लेखात एकच काम धरू: मोठ्या डोक्याची, पावणेचार इंची व्हिनाइल फिगर घ्यायची आणि तिचा सिद्धेश्वराच्या यात्रेतला नंदीध्वजधारी, म्हणजे मानाची काठी धरणारा करायचा, अंगात पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा सदरा), हातात काठी. हे काम मुद्दाम निवडलं, कारण पांढरा हा रंगवायला सगळ्यात छळणारा रंग आहे.

प्लास्टिक ओळखा

रंग कुठला, हा प्रश्न या पायरीनंतरचा. खाली कुठलं प्लास्टिक आहे त्यावर सगळं ठरतं.

नख दाबून बघा. किंचित दबलं, वाकवल्यावर वाकलं, तर ते मऊ पीव्हीसी, म्हणजेच व्हिनाइल. मोठ्या डोक्याच्या बहुतेक फिगर्सचं डोकं आणि अॅनिमे फिगर्सचे केस, कपडे याच जातीचे. कडक असेल, टिचकी मारल्यावर टणक आवाज आला, तर बहुधा एबीएस. लेगोच्या मिनीफिगरचा बराचसा भाग एबीएसचा. हाताला जड लागलं आणि कड तुटल्यासारखी दिसली तर रेझिन. एकाच फिगरमध्ये दोन-तीन प्रकार असणं नेहमीचंच.

गड्ड्यावरच्या खेळण्यांसाठी आणखी एक परीक्षा करा. त्याचा एखादा भरीव भाग, म्हणजे हातातली तलवार किंवा सुटा पाय, पाण्यात टाका. तरंगला तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन आहे. या दोन्हींची घनता पाण्यापेक्षा कमी, एबीएसची साधारण १.०५ आणि पीव्हीसीची १.२ ते १.४, म्हणून ते दोन्ही बुडतात. पोकळ भाग हवेमुळे तरंगतो, तेव्हा परीक्षा भरीव तुकड्यावरच घ्या. तरंगणाऱ्या प्लास्टिकवर रंग धरत नाही. लावला की दिसतो छान, पण नख लागलं की पापुद्रा निघतो. असं खेळणं ब्रश फिरवायच्या सरावाला ठेवा, त्यावर मेहनत घालू नका. आणि प्लास्टिक ओळखायला जाळून बघायचा उद्योग तर नकोच, पीव्हीसी जळताना घातक वायू सोडतं.

मऊ पीव्हीसीचं जास्त का सांगतोय? ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागाकडे येत राहतं. त्यावर हार्डवेअरच्या दुकानातला ऑइल पेंट किंवा स्प्रेचा डबा मारला की ते द्रव्य रंगात उतरतं आणि रंग चिकट राहतो. आज वाळल्यासारखा वाटतो, पंधरवड्यानं बोट लावलं की ठसा उमटतो, आणि वर बसलेली धूळ मग निघत नाही. दुकानदार म्हणणार, "घ्या ओ, प्लास्टिकला बी चालतंय." बादलीला चालत असेल, खुर्चीला चालत असेल. मऊ फिगरवर मारायचाच असेल तर आधी तळपायाला मारून तीन आठवडे थांबा.

सुटं करा, धुवा, घासा

डोकं, हात वेगळे होत असतील तर करून घ्या. पीव्हीसीचं सांध्याचं टोक गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं धरलं की मऊ पडतं आणि ओढल्यावर निघतं. उकळतं पाणी नको, अंगाचा आकार बिघडतो. गार झाल्यावर ते पुन्हा कडक होतं.

मग धुणं. कारखान्यात साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं द्रव्य आणि आपल्या बोटांचं तेल, दोन्ही गेलं पाहिजे. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ टूथब्रश, एवढं पुरे. शेवटचं खळबळणं मात्र फिल्टरच्या पाण्यात करा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे. ते वाळलं की क्षारांचे पांढुरके डाग राहतात आणि गडद रंगाखालूनही ते खरखरीत लागतात. पुसायला टॉवेल घेऊ नका. सोलापुरात राहून टॉवेलवर अविश्वास दाखवणं गावाशी गद्दारी आहे, कबूल, पण टेरी टॉवेलचं तूस फिगरच्या कानाकोपऱ्यात अडकतं आणि रंगाखाली कायमचं राहतं. फिगर उभी करून हवेवर वाळू द्या.

धुतल्यावर फिगरला थेट बोट लावायचं नाही. औषधाची रिकामी बाटली घ्या, झाकणावर दुहेरी चिकटपट्टी लावा, त्यावर फिगर बसवा आणि बाटली धरून काम करा. शेंगाचटणी-भाकरी खाऊन नुसते हात झटकून कामाला बसणाऱ्यांनी तर ही सवय लावलीच पाहिजे.

साच्याची शिवण, म्हणजे अंगावरून जाणारी बारीक रेघ, रंगानं झाकत नाही, उलट उठून दिसते. ती ८०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरनं ओला करून घासा. फारच जाड असेल तर सुरुवात ४०० नंबरनं करा. मऊ पीव्हीसी घासलं की त्यावर लव उठते, म्हणून तिथे धारदार कटरचं पातं आडवं धरून हलकेच खरवडणं बरं. रेझिन नेहमी ओलंच घासा आणि तोंडाला मास्क लावा, त्याची धूळ छातीत जायला नको.

बाराबंदीची एकावर एक येणारी बाजू आणि छातीवरचे बंद उठावात हवे असतील तर एपॉक्सी पुट्टी लागते. एम-सीलनं सुरुवातीचं काम होतं. पोत जरा जाडसर आहे, बारीक घडी त्यात नीट उठत नाही, पण कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतं. दोन्ही भाग एकजीव होईपर्यंत मळा, ओल्या बोटानं बसवा, रात्रभर सोडा, मग घासा.

प्रायमर: इथे पैसे घाला

प्रायमर दोन कामं करतो. प्लास्टिक आणि रंग यांच्यात पकड आणतो, आणि सगळा पृष्ठभाग एका रंगाचा करून घासायचं काय राहिलं ते दाखवतो. राखाडी प्रायमर लागला की सुटलेली शिवण लगेच नजरेत भरते.

मऊ पीव्हीसीसाठी ब्रशनं लावायचा पाण्यातला अॅक्रिलिक-पॉलियुरेथेन प्रायमर घ्या. स्पॅनिश कंपनी वालेहोचा सरफेस प्रायमर असा आहे, ऑनलाइन मिळतो. बाटली जोरात हलवा, पाणी न घालता पातळ हात द्या, वाळल्यावर दुसरा द्या, आणि एक अख्खा दिवस शिवू नका. पॉलियुरेथेन प्रायमर घाईनं घासला तर रबरासारखा पापुद्रा निघतो. एबीएस आणि रेझिनवर स्प्रेचा राखाडी प्रायमर चालतो आणि पटकन होतो. कॅनव्हाससाठी मिळणारा जेसो मला या कामाला आवडत नाही. तो जाड बसतो आणि इतक्या छोट्या चेहऱ्यावरच्या रेषा बुजवून टाकतो.

स्प्रे कधी मारायचा, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की डब्यातून सुटलेला थेंब फिगरवर पोचायच्या आत हवेतच अर्धा वाळतो. मग पृष्ठभाग गुळगुळीत होत नाही, हाताला कचकचीत लागतो. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत काम उरका. पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरमध्ये, उलटा त्रास: हवेतला ओलावा थरात अडकून रंग पांढुरका पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सोलापुरातला स्प्रेचा खरा हंगाम, त्या काळात जेवढ्या फिगर्सना प्रायमर लावून ठेवता येईल तेवढ्या ठेवा. अंतर २० ते ३० सेंटिमीटर, झोत फिगरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, आणि एकाच हातात सगळं झाकायचा हट्ट धरायचा नाही. गच्चीवर मारणार असाल तर डबा उन्हात ठेवू नका, उभ्या गाडीत तर अजिबातच नको. त्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते आणि मेमध्ये बंद गाडी ती सहज ओलांडते.

पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांनी आणखी एक करावं. तिथल्या हवेत सुताचं तूस सतत तरंगत असतं. ओल्या थरावर फिगर उघडी ठेवू नका, वरून आइस्क्रीमचा रिकामा डबा पालथा घाला.

आता रंग

या कामाला पाण्यातले अॅक्रिलिक रंग घ्या. वास कमी, ब्रश पाण्यानं धुता येतो, पीव्हीसीशी भांडण नाही.

कॅमल आणि फेव्हिक्रिल सगळीकडे मिळतात. एका परदेशी बाटलीच्या पैशांत त्यांच्या बऱ्याच येतात. मोठे सपाट भाग, कपडे, केस, तळ, यांना ते पुरतात. त्यांची अडचण दोन ठिकाणी. रंगद्रव्य कमी असतं, म्हणून एक थर पारदर्शक दिसतो आणि हात जास्त द्यावे लागतात. शिवाय कापडासाठी बनवलेल्या रंगाचा पापुद्रा लवचीक राहतो. प्रायमर नसेल तर तो नखानं सोलून निघतो. प्रायमर असेल आणि वरून वॉर्निश असेल तर ही तक्रार जवळजवळ मिटते. म्हणूनच म्हटलं, पैसा टोकांना घाला.

मॉडेलसाठी बनवलेले रंग, वालेहो, सिटाडेल, आर्मी पेंटर वगैरे, यांत रंगद्रव्य बारीक दळलेलं आणि भरपूर असतं. पातळ केला तरी झाकतो. सगळे घ्यायची गरज नाही. मी म्हणेन पांढरा, काळा, एक त्वचेचा रंग आणि एक धातूचा, एवढे चार या जातीचे घ्या. बाटली निवडताना थेंब टाकणाऱ्या टोकाची घ्या. झाकण उघडून ब्रश बुडवायच्या डब्या आपल्या उन्हाळ्यात काठाला लवकर वाळतात, मग झाकण नीट बसत नाही आणि उरलेला रंग वाया.

टामिया कंपनीच्या बाटलीवरही अॅक्रिलिक लिहिलेलं असतं, पण तो अल्कोहोलवर चालणारा आहे. एअरब्रशला (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनाला) उत्तम. ब्रशनं दुसरा हात द्यायला गेलं की खालचा थर उकलून येतो. नवशिक्यानं सोडून द्यावा. गाड्यांचं टच-अपचं लॅकर अॅक्रिलिकच्या वर कधीही लावू नका, त्यातलं सॉल्व्हंट खालचा थर खातं.

रंगानुसार झाकण्याची ताकद वेगळी. पिवळा आणि लाल हे हमखास फसवणारे. काळ्या प्रायमरवर पिवळा मारत बसलात तर सहा हात देऊनही हिरवट मळका दिसेल. पिवळ्याच्या खाली आधी गेरूकडे झुकणारा पिवळसर तपकिरी किंवा फिका गुलाबी द्या, मग पिवळा दोन हातांत उजळतो. लालच्या खाली विटकरी तपकिरी. चांदी-सोनं काळ्यावर.

ब्रश, पॅलेट आणि पातळपणा

नवखा माणूस सगळ्यात बारीक, तीन शून्यांचा ब्रश घेतो. त्याच्या केसांत रंग मावतच नाही, टोकाला येईपर्यंत वाळतो. १ किंवा ० नंबरचा, टोक सुईदार असलेला गोल ब्रश घ्या, डोळेसुद्धा त्यानंच होतात. पाण्यात बुडवून झटकल्यावर केस एका टोकाला आले पाहिजेत, दुकानातच करून बघा. रंग केसांच्या निम्म्यापर्यंतच घ्या. पत्र्याच्या कडीत रंग शिरून वाळला की ब्रशचं टोक फाटलंच समजा.

रंग दुधाइतका पातळ हवा. स्टेशनरीतल्या जाड अॅक्रिलिकला दोन भाग रंग, एक भाग पाणी इथून सुरुवात करा. अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघा. रेघ ओढलीत तिथेच राहिली पाहिजे, कडेनं ओघळायला नको आणि ब्रशच्या केसांच्या खुणाही राहायला नकोत. पहिला हात ठिपक्याठिपक्यांचा, अर्धवट दिसणार. इथे बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते जाड रंग थापतात. थापू नका. दुसऱ्या हाताला बरं दिसतं, तिसऱ्याला भरतं.

उन्हाळ्यात पॅलेटवरचा थेंब पंख्याखाली मिनिटभरात कातडी धरतो. यावर ओलं पॅलेट हाच इलाज. पसरट, झाकणाचा डबा घ्या, तळाला टिश्यूच्या चार-पाच घड्या, त्या फिल्टरच्या पाण्यानं भिजवा, वर बेकिंगचा बटर पेपर चिकटून बसवा. रंग त्या कागदावर काढायचा. खालून ओल मिळत राहते, रंग तासन्‌तास चालतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही. पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर वास मारतं. ग्लिसरिनचा एखादा थेंब घालूनही वाळणं लांबतं, पण जास्त पडलं तर थर चिकट राहतो, मी तो मार्ग शेवटचा ठेवतो. कूलर चालू असलेल्या खोलीत ब्रशचं काम सुखाचं होतं, हवेत ओल असते. स्प्रे आणि वॉर्निश मात्र त्या खोलीत नको.

रंगाच्या दोन हातांमध्ये उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पावसाळ्यात अर्धा तास तरी द्या. हाताला कोरडा लागणं आणि आतून पक्का होणं यांत फरक आहे. चिकटपट्टी लावून किनार आखायची असेल तर खालचा थर रात्रभर वाळू द्या.

पांढरी बाराबंदी

थेट पांढरा लावला की दोन गोष्टी होतात. घड्या दिसेनाशा होतात, आणि ब्रशचा प्रत्येक फटकारा दिसतो. म्हणून पांढऱ्याकडे खालून वर यायचं.

प्रायमर फिका राखाडी. त्यावर पूर्ण कपड्याला फिका उबदार राखाडी द्या, म्हणजे पांढऱ्यात काळ्याचा टिपूस आणि किंचित तपकिरी. दोन हात. मग याच मिश्रणात आणखी पांढरा घालून घड्यांचे खोलगट भाग सोडून बाकी सगळं रंगवा. तिसऱ्या फेरीत हस्तिदंती रंग, फक्त छाती, खांदे आणि बाहीचा वरचा भाग. निव्वळ पांढरा अगदी शेवटी, बंदांच्या गाठी, गळ्याची कड, बाहीचं टोक एवढ्यावरच. दोन हात अंतरावरून पाहिलं की अख्खा सदरा शुभ्र दिसतो, प्रत्यक्षात त्यातला दहावा हिस्साही निव्वळ पांढरा नसतो.

घड्यांत सावली हवी असेल तर निळसर राखाडी खूप पातळ करून बारीक ब्रशनं फक्त खोबणीत सोडा. सगळ्या कपड्यावर काळपट वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग, ओतू नका. लाल-तपकिरी कपड्यावर तो वॉश छान दिसतो, पांढरा मात्र मळल्यासारखा होतो. आणि पांढऱ्याचं काम चालू असताना पाण्याचे दोन ग्लास ठेवा, एक फक्त पांढऱ्याचा.

काठीला अगरबत्तीची काडी घासून वापरता येते. तिच्यावरचे हार, गोंडे करायला पुट्टीचे बारीक मणी.

डोळे

चेहरा चांगला उतरला की बाकीच्या चुका कुणी बघत नाही. श्रावणात एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन डोळ्यांची आखणी चाललेली उभं राहून बघा. कारागीर मनगट कुठे टेकवतो, श्वास कधी धरतो, दोन्ही डोळ्यांचं कुठलं काम एकदम करतो, हे बघितल्यावर पाठ होतं.

क्रम असा. आधी डोळ्याची जागा गडद तपकिरीनं भरा. आत पांढरा नव्हे, फिका राखाडीसर पांढरा भरा, कडेला तपकिरीची बारीक रेघ उरू द्या, तीच पापणी. मग बुबुळ. बुबुळ वरच्या पापणीला चिकटलेलं पाहिजे, शक्यतो खालच्यालाही टेकलेलं. चारही बाजूंनी पांढरं दिसलं की पात्र दचकलेलं वाटतं. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका, प्रत्येक टप्पा दोन्हीकडे करा, आणि जो डोळा करायला तुमचा हात अडखळतो तो आधी करा. मग सोपा त्याला जुळवून घेता येतो. शेवटी चमकेचा एक पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. मोठ्या डोक्याच्या फिगरचे नुसते काळे गोल डोळे असतील तर ते जसेच्या तसे ठेवणं हाही चांगला निर्णय असतो.

छापील चेहरा काढून टाकायचा असेल तर एबीएसवर ब्रासो कापडाला लावून हलक्या हातानं घासतात. अॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, एबीएस विरघळतं.

हलणारे सांधे

मान वळत असेल, हात फिरत असेल तर त्या खाचेत रंग लावू नका. दोन पृष्ठभाग एकमेकांना घासतात तिथे कुठलाही रंग टिकत नाही. सांध्याचा रंग बदलायचाच असेल तर आधी आतला भाग किंचित घासून जागा करा, एकच पातळ हात द्या, आठवडाभर वळवू नका. प्रदर्शनाला ठेवायची फिगर असेल तर सरळ एका पोजमध्ये चिकटवून टाका.

वॉर्निश: फिनिशिंग इथे ठरतं

वॉर्निश लावण्याआधी खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च फिगरला आडवा धरा. समोरच्या उजेडात न दिसणारे ब्रशचे ओरखडे, तूस, सुटलेले ठिपके सगळे सावली टाकून पुढे येतात. मग फोटो काढून मोठा करून बघा. काय दुरुस्त करायचं ते आत्ताच करा.

मॅट म्हणजे बिनचकाकीचं, सॅटिन मंद चकाकीचं, ग्लॉस चकचकीत. हातानं रंगवलेलं आहे हे लांबून ओळखू येतं ते चकाकीच्या फरकावरून. स्टेशनरीतला एक रंग चकाकतो, दुसरा नाही, मधेच कारखान्याचा मूळ प्लास्टिकचा भाग उघडा, त्याची चकाकी तिसरीच. फिगर मग ठिगळ लावल्यागत दिसते. सगळ्यावर एकच मॅट वॉर्निश गेलं की हे सगळं एका पातळीवर येतं, स्वस्त आणि महाग रंग शेजारी असले तरी कळत नाही. त्यानंतर हवी तिथे चकाकी परत आणा: डोळ्यांवर ग्लॉसचा थेंब, चपलेवर सॅटिन. चांदी-सोनं मॅटखाली मरतं, म्हणून धातूचे रंग मॅट झाल्यावर लावा किंवा वरून ब्रशनं ग्लॉस द्या. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचं चित्र लावणार असाल तर आधी त्या जागी ग्लॉस, त्यावर चित्र, मग मॅट. खडबडीत मॅटवर थेट लावलं तर चित्राच्या कडेला रुपेरी झाक राहते.

मऊ पीव्हीसीवर ब्रशनं लावायचं पाण्यातलं पॉलियुरेथेन वॉर्निश घ्या, मॉडेलसाठी मिळतं ते. मॅट वॉर्निशमध्ये चकाकी मारणारी सिलिकाची पूड असते आणि ती तळाला बसते. बाटली दोन मिनिटं हलवा, खरोखर दोन मिनिटं. नाही हलवली तर पहिल्या फिगरला ग्लॉस आणि शेवटच्या फिगरला पांढरी भुकटी अशी वाटणी होते. मऊ रुंद ब्रश, पातळ हात, खोबणीत साचलेलं कोरड्या ब्रशनं टिपून घ्या. साचलं तिथे पांढरट दिसतं, गडद रंगावर तर हमखास. एकदा फिरवलेल्या जागी अर्धवट वाळल्यावर पुन्हा ब्रश नेऊ नका.

पावसाळ्यात मॅट स्प्रे मारून फिगर धुकट पांढरी झालीच, तर लगेच खरवडायला घेऊ नका. पूर्ण वाळू द्या, त्यावर ग्लॉसचा पातळ हात द्या, बऱ्याचदा धुकं निघून जातं. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. स्प्रे कुठलाही असो, उघड्यावर मारा आणि वाफा अडवणारा, फिल्टरची कार्ट्रिज असलेला मास्क लावा. कापडी मास्कनं रंगाचे कण थोडेफार अडतील, वाफा नाही.

काम पक्कं झालं का हे बघायला आठवड्यानं तळव्यावर, आतल्या बाजूला साधी चिकटपट्टी दाबून झटकन ओढा. पट्टीवर रंग आला तर पकड पहिल्या थरापासूनच नाही, पुढच्या फिगरला धुणं आणि प्रायमर बदला. आणि वॉर्निश मारलं म्हणून ती लहान मुलाच्या हातातली, तोंडात जाणारी वस्तू होत नाही.

ठेवणं आणि पाठवणं

पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. उन्हानं लाल-गुलाबी आधी विटतात, आणि मेमध्ये काचेमागे पीव्हीसीचे पातळ पाय वाकून फिगर पुढे झुकते. काचेचं कपाट असेल तर महिन्यातून एकदा उघडं ठेवा. बंद हवेत पीव्हीसीचं तेलकट द्रव्य वर जमून फिगर चिकट लागते. धूळ काढायला कोरडा मऊ ब्रश पुरतो.

कुणाला विकणार असाल तर हातानं रंगवलेली आहे हे आधीच सांगा. वॉर्निशनंतर दोन आठवडे तरी पॅक करू नका, आणि बबल रॅप थेट अंगाला लावू नका. कुरिअरच्या गाडीतल्या उन्हात त्याचे गोल ठसे वॉर्निशवर उमटतात. आधी बटर पेपरचा एक वेढा, वर बबल रॅप, आणि काठी नेहमी सुटी करून वेगळी.